फराळाच्या दुकानाला वेबसाइटवरून फोन: ब्राउझर की सॉफ्टफोन (गिरगावातल्या प्रकल्प नोंदी)

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

नारळी पौर्णिमेचा नारळीभात खायला मावशीकडे गिरगावात गेलो आणि भाताबरोबर हे काम गळ्यात पडलं. मावशीचं फराळाचं दुकान आहे, चाळीच्या तळमजल्याला, पुढे काउंटर मागे भट्टी. चकली, कडबोळी, अनारसे, चिवडा. दिवाळीच्या आधीचे दोन महिने परदेशातली गिऱ्हाइकं. ही मंडळी वर्षानुवर्षं स्काइपवर फोन करायची, काउंटरवर जुना डेस्कटॉप, त्यावर स्काइप कायम उघडं, वाजलं की काका उचलणार. ५ मेला स्काइप कायमचं बंद झालं आणि मावशीला ते आत्ता कळलं, कारण मे ते जुलै परदेशातून कोण चकल्या मागवतंय.

व्हॉट्सॲप कॉल का नाही हे सगळे विचारणार म्हणून आधीच लिहितो. नंबर मावशीचा स्वतःचा, तो फोन तिच्याबरोबर भाजीला, देवळात, लग्नाला सगळीकडे जातो, रात्री दोनलाही वाजतो, आणि ती बाहेर असली की दुकानात बसलेले काका नुसते बसलेले. दुकानाच्या वेबसाइटवर "फोन करा" असं बटन हवं, ते दाबलं की दुकानात वाजलं पाहिजे, एवढीच मागणी.

माझा विचार असा झाला की दोन्ही टोकांना ब्राउझरच ठेवू. वेबआरटीसी (ब्राउझरमधूनच कॉल करायची सोय) गूगलने २०११ला खुलं केलं, २६ जानेवारी २०२१ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने त्यावर मानक म्हणून शिक्का मारला, क्रोम फायरफॉक्स सफारी सगळ्यात आयतं आहे, फ्लॅश नको प्लगइन नको, दुकानातल्या लॅपटॉपवरही एक टॅब उघडा ठेवला की झालं. सॉफ्टफोन, म्हणजे फोनचं काम करणारं वेगळं सॉफ्टवेअर, टाका, अकाउंट बनवा, अपडेट करा ही कटकट कशाला. हा निर्णय अर्धा चुकला, पण ते कळायला चार आठवडे गेले.

१० ऑगस्ट, रविवार

७०० रुपये महिन्याचा क्लाउड सर्व्हर घेतला, मुंबईतलाच. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि मध्ये बसून कॉल जोडायला सॉफ्टवेअरचं टेलिफोन एक्स्चेंज, अ‍ॅस्टरिस्क. डेबियन १२च्या भांडारात अ‍ॅस्टरिस्कचं पॅकेजच नाही हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून २२ नंबरची आवृत्ती सोर्सवरून कंपाइल केली.

कंपाइलला वेळ लागला नाही, वेळ खाल्ला व्हिडिओंनी. मी बघितलेल्या सगळ्या व्हिडिओंत sip.conf उघडून लिहायला सांगतात, ते जुनं चॅन-सिप मॉड्यूल (सिप म्हणजे कॉल जोडायचा-तोडायचा प्रोटोकॉल) २१व्या आवृत्तीपासून काढूनच टाकलंय. मी चार तास अशा फाइलमध्ये ओळी लिहित होतो जी कोणी वाचतच नव्हतं. एररही येत नाही, येणार कशी. आता सगळं त्याच्या जागी आलेल्या पीजेसिपमध्ये लिहायचं. तिथे एंडपॉइंटला (कॉलच्या प्रत्येक टोकाला) वेबआरटीसीची एक ओळ "यस" केली की एन्क्रिप्शन, आइस (आवाजाची वाट शोधायची पद्धत) वगैरे पाच-सहा गोष्टी आपोआप चालू होतात. तुम्ही व्हिडिओ बघत असाल तर आधी त्याची तारीख बघा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. पहिला कॉल.

घरच्या लॅपटॉपवर लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच मशीनवर पान चालवून, माइक चालला, म्हणून खूश होऊन पान सर्व्हरवर टाकलं तर माइकची परवानगीच विचारेना. एचटीटीपीएस नसेल तर ब्राउझर माइक देत नाही, लोकलहोस्टला तेवढी सूट आहे, त्यामुळे घरी चाललेली गोष्ट बाहेर चालेल या भ्रमात राहू नका. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट टाकलं, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पुढे उभा केला, वेबसॉकेट (पान आणि सर्व्हरमधली निरोपांची उघडी वाट) ४४३ पोर्टवरूनच आत घेतलं.

मग कॉल लागला आणि एकाच बाजूने आवाज. मावशीचं मला ऐकू येतंय, माझं तिला नाही. मावशी लॅपटॉपकडे बघून "अरे बोल ना, तोंडात काय मीठ धरलंय का" आणि मी इकडे घसा फोडून बोलतोय. यात दोन चुका होत्या आणि दोन्ही माझ्या. एक, सर्व्हरवरच्या फायरवॉलमध्ये आवाजासाठी लागणारे १०००० ते २०००० यूडीपी पोर्ट उघडले होते पण क्लाउडच्या पॅनेलमध्ये दुसरा फायरवॉल असतो तो विसरलो. दुसरी, सर्व्हरला स्वतःचा खरा पब्लिक पत्ता माहीतच नसतो, तो आतला खाजगी पत्ता ब्राउझरला सांगत बसतो. पीजेसिपच्या ट्रान्सपोर्टमध्ये बाहेरचा पत्ता मी लिहिला होता पण आइससाठी तो rtp.conf मध्येही वेगळा लिहावा लागतो, होस्ट कॅंडिडेटच्या (आवाज कुठे पाठवायचा त्या पत्त्यांच्या) भागात. हे शोधायला दुपारचे जेवणाआधीचे तीन तास आणि नंतरचे दोन.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस असा की विचारू नका, ट्रेन बंद, ऑफिसने घरून काम करा सांगितलं. म्हणजे ऑफिसचं काम थोडं, हे जास्त.

न्यू जर्सीला मावसबहीण आहे, तिला ताई म्हणतो, तिला टेस्टिंगला धरलं. ती म्हणाली बटन दाबल्यावर बराच वेळ काहीच होत नाही, मग एकदम रिंग. बराच म्हणजे किती, तर तिने मोजून सांगितलं, बावीस सेकंद. एवढ्या वेळात माणूस टॅब बंद करून दुसऱ्याच्या चकल्या घेईल.

क्रोमचं आतलं वेबआरटीसी-इंटर्नल्स नावाचं पान उघडायला लावलं, हे पान नसतं तर मी अजून तिथेच असतो. ताईच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, त्यामुळे नेटवर्कचे चार-पाच इंटरफेस, आणि ब्राउझर प्रत्येकातून वाट शोधत बसतो. मी वापरलेली जेएस-सिप लायब्ररी सगळ्या वाटा शोधून होईपर्यंत कॉलचा निरोप पाठवतच नाही. उपाय चार ओळींचा निघाला: कॅंडिडेट मिळाल्याचा इव्हेंट येतो त्यातच रेडी नावाचं फंक्शन मिळतं, पहिला उपयोगी पत्ता मिळाल्यावर किंवा फार तर एक सेकंदाने ते बोलावून टाकायचं. आपला सर्व्हर पब्लिक पत्त्यावर असल्यामुळे उरलेल्या वाटांवाचून काही अडत नाही. बावीसचे दोन सेकंद झाले.

ताई म्हणाली आवाज स्काइपपेक्षा चांगला आहे. हे ओपस कोडेकचं (आवाज आकसून पाठवायच्या पद्धतीचं) काम, बोलण्याला फार डेटा लागत नाही आणि मधली पॅकेट गळाली तरी सावरून घेतो.

२४ ऑगस्ट, रविवार

आज नुसता संताप. शुक्रवारी टर्न सर्व्हर टाकला होता, कोटर्न. ज्यांच्या ऑफिसात यूडीपी बंद असतं त्यांच्यासाठी टीसीपीवरून आवाज फिरवून आणायची सोय. आज बघतो तर दोन दिवसांत ३८ जीबी डेटा गेलाय. आपले कॉल झालेत नऊ.

टर्नचा युजरनेम-पासवर्ड मी वेबसाइटच्या जावास्क्रिप्टमध्ये सरळ लिहून ठेवला होता. पानाचा सोर्स उघडला की कोणालाही दिसतो, आणि कोणीतरी तो उचलून आपल्या सर्व्हरवरून स्वतःचं काहीतरी फिरवत होतं. घराची किल्ली दाराला लटकवून वर "स्वागत आहे" लिहिण्यातला प्रकार. आता कोटर्नमध्ये गुप्त कळ ठेवली आहे आणि वेबसाइट प्रत्येक गिऱ्हाइकाला दहा मिनिटांपुरता पासवर्ड बनवून देते. हे पहिल्या दिवशी करा, नंतर करू म्हणू नका.

आणि टर्न लागतो किती जणांना? लॉग बघितले तर नऊपैकी एकाला. अ‍ॅस्टरिस्क पब्लिक पत्त्यावर असेल तर बहुतेकांचं टर्नशिवाय भागतं. ब्राउझर ते ब्राउझर थेट कॉल करणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना जास्त लागतो, आणि मी वाचत होतो ते सगळं त्यांच्यासाठी लिहिलेलं.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आज आल्या, गणपती बुधवारपासून बसलेत, फराळाची घाई, आणि त्यात अमेरिकेची भानगड. २९ ऑगस्टपासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढून टाकली, त्यामुळे आपल्या टपालखात्याने २५ तारखेपासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलंय. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एकच प्रश्न, "या वर्षी येणार का हो फराळ?" आणि हे लिहून नाही विचारत, फोन करून विचारतात. बटन नेमकं याच आठवड्यात लाइव्ह केलं होतं. कुरियरने जाईल पण ड्युटी पडेल, हे मावशी दिवसातून पंधरा वेळा सांगतेय.

पण सोमवार ते गुरुवार सहा कॉल वाजलेच नाहीत. वाजले नाहीत म्हणजे दुकानातल्या टॅबवर पट्टी आली, "कॉल येतोय", आवाज नाही. कारण सकाळी लॅपटॉप चालू केला की टॅब आपोआप उघडतो, त्यावर कोणी क्लिक करत नाही, आणि माणसाने पानावर एकदा तरी हात लावल्याशिवाय क्रोम पानाला आवाज करू देत नाही. २०१८चा नियम आहे, आपोआप वाजणाऱ्या जाहिरातींना आळा म्हणून. चांगलाच नियम, पण आपली रिंगही त्यात गेली.

मी म्हटलं सोपं आहे, सकाळी आल्यावर "दुकान उघडलं" असं मोठं बटन दाबायचं, मग वाजेल. दोन दिवस दाबलं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप झोपला. झोप बंद केली तर चौथ्या दिवशी क्रोमच्या मेमरी सेव्हरने वापरात नाही म्हणून टॅबच निजवला. तेही बंद केलं तर काकांनी पंचांग बघायला त्याच टॅबमध्ये दुसरी साइट उघडली. आता काकांना काय बोलणार.

आणखी एक. मावशीने फोन ठेवला तरी गिऱ्हाइकाच्या पानावर कॉल चालूच दिसायचा. बराच डोकं लावल्यावर कळलं की एनजिनएक्स साठ सेकंद वेबसॉकेटवर काही हललं नाही की ते तोडतो, हा त्याचा ठरलेला आकडा. आवाज दुसऱ्या वाटेने जात असतो म्हणून बोलणं चालू राहतं, पण "ठेवला" हा निरोप जायची वाट तुटलेली. तो आकडा ३६०० केला. उलट्या बाजूने, गिऱ्हाइकं फोन ठेवत नाहीतच, सरळ टॅब मारतात, म्हणून अ‍ॅस्टरिस्कमध्ये तीस सेकंद आवाज आला नाही तर कॉल काप असंही लिहिलं. नाहीतर मावशी "हॅलो, हॅलो" करत रिकाम्या लायनीशी बोलतेय.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी, गिरगावात राहून काम करणं अशक्य, केलं पण नाही.

आज दुकानाच्या बाजूचा टॅब सोडून दिला. गिऱ्हाइकाच्या बाजूला ब्राउझरच राहणार, पाव किलो चकलीसाठी कोणी काही इन्स्टॉल करणार नाही. पण दुकान दिवसभर वाट बघत बसलेलं असतं, त्याला कायम जागं राहणारं काहीतरी हवं. मग सॉफ्टफोन. लिनफोन, झॉयपर, मायक्रोसिप असे बरेच आहेत, सगळे सिप बोलतात. सिप म्हणजे २००२च्या आरएफसी ३२६१चा प्रोटोकॉल, स्काइपच्याही आधीचा.

दुकानातल्या जुन्या अँड्रॉइड फोनवर यातलंच एक ॲप टाकलं. नाव लिहित नाही कारण दोष ॲपचा नाही, फोन बनवणाऱ्याच्या बॅटरी वाचवण्याच्या हावरटपणाचा आहे. पंधरा मिनिटं स्क्रीन बंद राहिली की फोन ॲपला मारतो, सर्व्हरवरची नोंदणी जाते, गिऱ्हाइकाला "उपलब्ध नाही". सेटिंगमध्ये तीन वेगवेगळ्या जागी जाऊन "याला मारू नकोस" असं सांगावं लागतं, आणि एक अपडेट आला की तिन्ही परत पहिल्यासारखं. पुश नोटिफिकेशनने हे सुटतं, पण त्यासाठी सर्व्हरच्या बाजूला आणखी एक यंत्रणा उभी करावी लागते आणि माझ्यात आता दम नव्हता.

मध्येच एका ओळखीच्याने सुचवलं की सर्व्हरला सिमकार्डवाला गेटवे जोड, कॉल सरळ मावशीच्या मोबाइलवर वाजेल. हे करू नका. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल असा सिममधून इथल्या फोन नेटवर्कवर उतरवणं म्हणजे बेकायदा एक्स्चेंज, सिमबॉक्सवर (असल्याच गेटवेंवर) धाडी पडतात त्या याच कारणाने. आपला कॉल इंटरनेटवर सुरू होऊन इंटरनेटवरच संपतो.

१३ सप्टेंबर, शनिवार

मावशीने एका वाक्यात निकाल लावला. हाताला भाजणीचं पीठ, कोपराने "उचला" दाबायचा प्रयत्न करत होती, दोनदा "नाकारा" दाबलं गेलं. म्हणाली, "तू मला साधा फोन दे रे, उचलायचा आणि कानाला लावायचा, वाजला तर भट्टीपर्यंत ऐकू आला पाहिजे."

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो, चालत पंधरा मिनिटं. कुठलंतरी ऑफिस बंद झालेलं, त्यातले सेकंडहँड आयपी डेस्कफोन ढिगाने, काळे, रिसिव्हरवाले. २,४०० सांगितले, १,९००ला दिला. घरी येऊन बघतो तर ॲडाप्टर नाही, कारण ऑफिसात त्यांना नेटवर्कच्या वायरमधूनच वीज मिळते. परत लॅमिंग्टन रोड, पाच व्होल्टचा ॲडाप्टर २२० रुपये. विकत घेताना ॲडाप्टर विचारा आणि दुकानदाराला फॅक्टरी रीसेट करून दाखवायला सांगा, जुन्या ऑफिसचा पासवर्ड असेल तर फोन नुसता ठोकळा.

हाही एक प्रकारे सॉफ्टफोनच, फक्त सॉफ्टवेअर प्लास्टिकच्या डब्यात घातलेलं. सिपवर नोंदणी झाली, ताईने बटन दाबलं, दुकानात "ट्रिंग ट्रिंग". मावशीने पीठ लागलेल्याच हाताने उचलला. बत्तीस सेकंदांनी कट.

परत केला, बत्तीस सेकंदांनी कट. पाच वेळा, दर वेळी बरोब्बर बत्तीस. इतका नेमका आकडा आला की नेटवर्क खराब असा विचार सोडून द्यायचा, कुठलातरी टायमर संपतोय. इथे असं होत होतं की फोन उचलल्याचा निरोप सर्व्हरला पोचतो, सर्व्हर "पोचला" म्हणून उत्तर देतो, ते उत्तर फोनला मिळत नाही, फोन बत्तीस सेकंद वाट बघून ठेवून देतो. उत्तर हरवत होतं दुकानातल्या राउटरमध्ये, त्यात सिप एएलजी म्हणून एक मदतनीस असतो जो पॅकेट उघडून आतले पत्ते बदलतो आणि वाट लावतो. तो बंद केला, पीजेसिपमध्ये रीराइट-कॉन्टॅक्ट यस केलं, कॉल टिकला. गंमत म्हणजे वेबआरटीसीला हा त्रास कधीच नव्हता, सगळं एन्क्रिप्ट असल्यामुळे राउटरला आत डोकावताच येत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

पहाटे तीन वाजता दुकानातला फोन वाजला. मावशी वरच्या मजल्यावर राहते, धावत खाली आली, परदेशात कोणाचं काही झालं की काय म्हणून. उचलला तर काहीच नाही. परत वाजला. स्क्रीनवर नंबर "१००".

भूत नाही, स्कॅनर. सिपचं ५०६० पोर्ट उघडं दिसलं की जगभरातले बॉट येऊन नंबर लावून बघतात, लॉगमध्ये "फ्रेंडली स्कॅनर" असं नाव दिसतं, ते सिपव्हिशस नावाच्या तपासणीच्या हत्याराचं नाव आहे. मी वेबसाइटच्या पाहुण्यांसाठी अनामिक कॉल घ्यायची मुभा ठेवली होती आणि ती वेबसॉकेटपुरतीच आहे असं गृहीत धरलं होतं. नव्हती. ७ सप्टेंबरच्या नोंदीतल्या सिम गेटवेने फोन नेटवर्क जोडलं असतं तर रात्रीत कुठल्यातरी देशात हजारो रुपयांचे कॉल गेले असते, इथे फक्त मावशीची झोप गेली. अनामिक बंद, पाहुण्यांनाही दहा मिनिटांचा पासवर्ड, फेल-टू-बॅन (वारंवार चुकीचे प्रयत्न करणाऱ्यांना अडवणारं) चालू, दुकान बंद असताना फोन शांत.

मावशी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आता या सगळ्यातली मला सगळ्यात आवडलेली भानगड.

मावशीची विकायची एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाने विचारलं "चकली खुसखुशीत आहे ना, मऊ नाही ना पडणार?" की ती बोलत नाही, एक चकली घेऊन फोनजवळ मोडते. कट्ट. तिकडून हसू येतं, ऑर्डर पक्की. स्काइपवर हे चालायचं म्हणे.

लॅपटॉपच्या टॅबवर होतं तेव्हा ताई म्हणायची काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. ब्राउझर माइक घेताना प्रतिध्वनी आणि गोंगाट कमी करायची यंत्रणा आपोआप लावतो, आणि त्याच्या दृष्टीने चकली मोडणं हा गोंगाट. बोलणं ठेवलं, चकली खाल्ली. दहीहंडीच्या दिवशी रस्त्यावरचा डीजे यानेच गिळला होता तेव्हा मीच कौतुक केलं होतं, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडाने करू.

डेस्कफोनवर आता मोडली तर ताई म्हणाली, "पेन्सिल पडल्यासारखं वाटलं." हे कोडेकमुळे. फोन आणि ब्राउझर दोघांना समजणारं म्हणून मी जी.७११ ठेवलं होतं, जुन्या टेलिफोनचा आवाज, साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं, आणि कुरकुरीतपणा असतो तो वरच. या फोनला ओपस येत नाही. पण दोघांना जी.७२२ येतं, ७,००० हर्ट्झपर्यंत, क्रोम-फायरफॉक्स-सफारीतही आहे, आणि अ‍ॅस्टरिस्कला मध्ये भाषांतर करावं लागत नाही. दोन्ही बाजूंच्या यादीत जी.७२२ सगळ्यात वर लिहिलं. (लॉगमध्ये त्याचा दर ८००० दिसेल, खरा १६००० आहे, मानकातली जुनी चूक तशीच चालू ठेवलीय, घाबरू नका. मी घाबरून तासभर घालवला.) ६४ केबीपीएस खातं, ओपसपेक्षा बरंच जास्त. पण अमेरिकेतल्या घरच्या वायफायला आणि दुकानाच्या फायबरला त्याचं काही नाही, आणि विरार फास्टमध्ये लटकून बोलणारं गिऱ्हाईक साध्या नंबरावरच फोन करतं.

मावशीने परत चकली मोडली. ताई तिकडून ओरडली, "आला आला!" तिकडे रात्रीचे साडेनऊ, इकडे सकाळचे सात.

२८ सप्टेंबर, रविवार

दुबईच्या एका जुन्या बाईंचं ईमेल, बटन दाबते पण लागत नाही. लॉगमध्ये त्यांचा निरोप येतो, आवाज येत नाही. अमिरातीत परवाना नसलेल्या इंटरनेट कॉलला परवानगी नाही, व्हॉट्सॲपचा कॉलही तिथे लागत नाही. टर्न वेगळ्या पोर्टवरून लपवून नेता येईल का असा विचार डोक्यात आला होता, पण चकलीसाठी दुसऱ्याला त्यांच्या देशाच्या कायद्यात कशाला अडकवा. अमिरातीतून पान उघडलं तर आता बटनाऐवजी निरोपाची चौकट दिसते, काका लिहून उत्तर देतात. काकांचं टायपिंग एका बोटाचं आहे पण शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं.

५ ऑक्टोबर, रविवार

हिशेब. सर्व्हर तीन महिने २,१००, डेस्कफोन १,९००, ॲडाप्टर २२०, हेडसेट ६५० (टॅबच्या काळातला, आता पडून), राउटर आणि फोनसाठी छोटा यूपीएस १,४५०. एकूण ६,३२०. वेळ साधारण सत्तर तास, त्यातले चाळीस वाया, त्यातले निदान पंधरा दुकानात टॅब जागा ठेवण्यात.

सॉफ्टफोन पूर्ण सोडलेला नाही. काकांच्या लॅपटॉपवर मायक्रोसिप टाकलंय, दोन्ही एकदम वाजतात, जो आधी उचलेल त्याचा. मावशी भट्टीवर असेल तर काका उचलतात आणि "एक मिनिट हं" म्हणून ओरडून तिलाच विचारतात, ते कुठलंही सॉफ्टवेअर सोडवणार नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

टपालखात्याने कालपासून अमेरिकेची पार्सलं परत घ्यायला सुरुवात केली. लक्ष्मीपूजन २१ला. आज सकाळी साडेसहा ते नऊमध्ये अकरा कॉल, सगळे "आता पाठवाल का" म्हणणारे, आणि मावशी सगळ्यांना सांगतेय की दिवाळीला नाही पोचणार, तुळशीच्या लग्नापर्यंत पोचलं तर बघा. सात जणांनी तरी ऑर्डर दिली.

अकरापैकी एक कॉल मध्ये तुटला, तो गिऱ्हाइकाच्या फोनची बॅटरी संपली म्हणून.

राहिलेलं काम: बटन सकाळी साडेसहाला दिसायला लागतं कारण तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचे नऊ असतात. २ नोव्हेंबरला त्यांचं घड्याळ एक तास मागे जाणार, म्हणजे बटन साडेसातला. मी वेळ आपल्या घड्याळाने कोडमध्ये लिहून ठेवली होती, ती न्यू जर्सीच्या घड्याळावर बांधायची आहे. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मला तासभर जास्त झोप? मग हे आधी कर."